एका घराण्याची कादंबरी व तिचे वाचक

कांहीं कादंबऱ्या वाचून झाल्यावर आपण त्यांतील पात्रांविषयीं बोलतों. कांहीं वाचून झाल्यावर आपल्याच आजोबा-पणजोबांविषयीं बोलूं लागतों. अनेक पिढ्यांची कथा सांगणाऱ्या कादंबऱ्या बहुधा या दुसऱ्या वर्गांत मोडतात. एक पिढी पेढी नांवारूपास आणते, दुसरी ती सांभाळते, तिसरी तिचें ओझें वाहते आणि चौथीस तींत रस उरत नाहीं, ही कथा वाचतांना कोणाचें मन स्वतःच्या घराकडे वळणार नाहीं? परंतु ज्याचें घर लेखकानें खरोखरच उचललें असेल, त्या वाचकाची गत काय होते? या प्रश्नाचें उत्तर तर्कानें देण्यापेक्षां इतिहासांत पाहणें बरें. टॉमस मान या जर्मन लेखकाच्या 'बुडेनब्रूक्स' या कादंबरीइतकें त्यास योग्य उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

मान याचा जन्म १८७५ सालीं उत्तर जर्मनींतील ल्यूबेक या बंदरीं झाला. वडील धान्याचे व्यापारी व त्या नगरराज्याचे सेनेटर होते. १८९१ सालीं ते वारले आणि शंभरी ओलांडलेली पेढी मोडण्यांत आली. पुढें १८९७ सालीं इटलींत असतांना या बावीस वर्षांच्या तरुणानें घराण्याची कथा लिहावयास घेतली. जुने कागदपत्र, आप्तांच्या आठवणी, त्या काळचे धान्याचे भाव, इतकेंच नव्हे तर घरच्या पाककृतीसुद्धां त्यानें पत्रें लिहून मागविल्या. बहीण युलिया हिनें आत्याच्या मोडलेल्या संसारांची हकीकत सविस्तर लिहून पाठविली. तिच्यांतूनच टोनी हें पात्र आकारास आलें. १९०० सालीं ग्रंथ पुरा झाला. प्रकाशक साम्युएल फिशर यानें तो निम्मा करावा असें सुचविलें. लष्करी रुग्णालयांत पडलेल्या लेखकानें नकार कळविला. १९०१ सालीं दोन खंडांत १,००० प्रती निघाल्या व सावकाश खपल्या. १९०३ सालीं एका खंडाची स्वस्त आवृत्ति निघाली, तेव्हां कोठें ग्रंथास मोठा वाचकवर्ग लाभला.

ल्यूबेकमध्यें मात्र पुस्तक वेगळ्याच कुतूहलानें वाचलें गेलें. पात्राचें नांव एका बाजूस व गांवांतील खऱ्या माणसाचें नांव दुसऱ्या बाजूस, अशा याद्या हातोहात फिरूं लागल्या. वास्तविक कादंबरींत शहराचें नांव कोठेंच घातलेलें नाहीं. पण रस्त्यांचीं नांवें खरीं आहेत, आणि गांवच्या माणसास तेवढें पुरे होतें. १९०५ सालीं दुसऱ्याच एका लेखकावरील खटल्यांत वकिलानें या कादंबरीची गणना बिल्सेच्या कादंबरीबरोबर केली. बिल्से हा लष्करी अधिकारी. आपल्या ठाण्यांतील सहकाऱ्यांची अब्रू कादंबरीच्या रूपानें चव्हाट्यावर मांडल्यामुळें त्यास शिक्षा झाली होती. हा वार मानाच्या जिव्हारीं लागला. १९०६ सालीं 'बिल्से आणि मी' हा निबंध लिहून त्यानें उत्तर दिलें: लेखक बाह्य रूप वास्तवांतून घेतो खरें, परंतु त्यांत जीव स्वतःचा ओततो; म्हणून तें पात्र मूळ माणसाचें राहत नाहीं.

हें उत्तर त्याच्या चुलत्यांस पटलें नाहीं. १९१३ सालीं फ्रीड्रिख मान यांनीं ल्यूबेकच्या वर्तमानपत्रांत चक्क जाहिरात दिली. पुतण्यानें जवळच्या आप्तांचीं विडंबनें केलीं, त्यामुळें आपणांस बारा वर्षें मनस्ताप झाला, आणि स्वतःचेंच घरटें घाण करणाऱ्या पांखरासारखें हें वर्तन आहे, असा तिचा आशय होता. कादंबरींतील क्रिस्टियान म्हणजे हेच गृहस्थ, असें गांव समजत असे. जाहिरात देऊन त्यांनीं त्या समजुतीवर स्वहस्तें शिक्कामोर्तब केलें.

यावर हंसणें सोपें आहे. आम्हांसहि प्रथम हंसूंच आलें. पण क्रिस्टियान कोण, हें आठवून पाहावें. धंद्यांत अपेशी, मैफलींत नकला करून हंसविणारा, आणि डाव्या अंगाचे मज्जातंतू आंखूड असल्याची जन्मभर तक्रार करणारा. दूरच्या वाचकास तो गमतीचा वाटतो. परंतु बारा वर्षें रस्त्यावर भेटणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ज्यास ती गंमत दिसली, त्यास निबंधांतील सिद्धांत काय कामाचा?

दुसरीकडे, परगांवच्या वाचकांचा अनुभव अगदीं उलट. १९२६ सालीं ल्यूबेकच्या सातशेंव्या वर्षाच्या उत्सवांत भाषण करतांना मान यानें सांगितलें कीं, आपली कथा केवळ एका घराची, असें तो समजत होता; परंतु स्वित्झर्लंड, हॉलंड, डेन्मार्क येथील तरुण वाचकांस ती थेट आपल्याच घरची वाटली. १९२९ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें, तें मुख्यतः याच ग्रंथाबद्दल. त्याच वर्षीं २.८५ मार्कांची आवृत्ति निघून तो घरोघर पोंचला.

आमच्या मतें या दोन्ही प्रतिक्रियांचें मूळ एकच आहे. धान्याचे भाव, जेवणाचे पदार्थ, आत्याचे शब्द हें सर्व नेमकें असल्यामुळेंच ल्यूबेक दुखावलें. आणि नेमकें असल्यामुळेंच परक्यांस तें आपलें वाटलें. छोटा हान्नो घराण्याच्या वहींत आपल्या नांवाखालीं रेघ ओढतो, तेथें आम्हीहि पुस्तक क्षणभर मिटलें. ज्यांच्या घरीं वंशावळीचा कागद जपलेला आहे, त्यांस याचें कारण सांगावयास नको. हा क्षण आम्हांस लाभला, त्याची किंमत चुलत्यांसारख्या माणसांनीं भरली. लेखकाचा अधिकार आम्ही मान्य करतों. पण त्यामुळें त्यांचें दुःख खोटें ठरत नाहीं.

मार्च १९४२ मधील बाँबहल्ल्यांत मेंगश्ट्रासेवरील तें जुनें घर पडलें. दर्शनी भिंत तेवढी उभी राहिली. १९५५ सालीं, मृत्यूपूर्वीं कांहीं महिने, ल्यूबेकनें मान यास सन्माननीय नागरिक केलें, आणि १९९३ सालीं त्या भिंतीमागें संग्रहालय उघडलें. घर मान घराण्याचें. पण जग त्यास ओळखतें तें बुडेनब्रूक्सांचें घर म्हणून. चुलत्यांस याचीच भीति वाटत होती.