दुर्गा खोटे : गिरगावच्या कांदेवाडीतून पडद्यावर आलेली तारामती

दुर्गा खोटे म्हटलं की बहुतेकांना ‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई किंवा ‘बॉबी’मधली आजी आठवते. पण त्यांचं खरं मोठं काम त्याच्या कितीतरी आधीचं आहे.

3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यात तारामती झाले होते अण्णा साळुंखे, कारण सिनेमात काम करायला बाईच मिळत नव्हती. 19 वर्षांनी, 1932 मध्ये, प्रभातने त्याच कथेवर ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला. या वेळी तारामती होत्या दुर्गाबाई.

14 जानेवारी 1905 चा त्यांचा जन्म. माहेरचं आडनाव लाड, घराणं मूळचं गोव्याचं. गिरगावातल्या कांदेवाडीत मोठ्या एकत्र कुटुंबात त्या वाढल्या, कॅथेड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्स कॉलेजात शिकल्या. लग्न लवकर झालं, वैधव्यही लवकर आलं. दोन मुलांना वाढवायचं तर कमाई हवी होती.

1931 मध्ये ‘फरेबी जाल’मध्ये छोटी भूमिका केली. चांगल्या घरची सुशिक्षित बाई सिनेमात गेली म्हणून बोलणी खावी लागली. तिथेच त्या थांबल्या असत्या तर कुणाला नवल वाटलं नसतं. पुढच्याच वर्षी व्ही. शांताराम यांच्या तारामतीने मात्र लोकांची नजर बदलली. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं; गाणीही स्वतःच गायची.

1936 च्या ‘अमर ज्योती’त तर त्या समुद्रावर लूटमार करणाऱ्या टोळीची म्होरकी झाल्या. पोटच्या मुलाचा ताबा कायदा आईला देत नाही, म्हणून ही सौदामिनी राज्याविरुद्ध उभी राहते. 1936 सालची ही गोष्ट! आजही अशी भूमिका सहज मिळत नाही.

कलाकार एकाच कंपनीत पगारावर बांधलेले असत, त्या काळात दुर्गाबाईंनी कोल्हापूर, कोलकाता, मुंबई अशा ठिकाणी वेगवेगळ्या कंपन्यांचे चित्रपट केले. ‘साथी’ (1937) हा चित्रपट स्वतः काढला. पुढे आईच्या आणि आजीच्या भूमिका पुष्कळ झाल्या. त्यातल्या ‘बिदाई’साठी (1974) फिल्मफेअर मिळालं. 1968 मध्ये पद्मश्री, 1983 चा दादासाहेब फाळके पुरस्कार. ‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचं आत्मचरित्र.

त्यांच्या दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सने जाहिरातपट आणि लघुपट केले. दूरदर्शनवर 1988 मध्ये सुरू झालेली, आर. के. लक्ष्मण यांच्या पात्रांवरची ‘वागळे की दुनिया’ ही मालिकाही याच संस्थेची.