बारामतीकराचा लेझर आणि नायलॉनची पावडर

मी पुन्हा एकदा मालाडहून बोलतोय. आज थ्रीडी प्रिंटिंगचा इतिहास, आणि तो सुरू होतो बारामतीत. हो, आपल्याच बारामतीत!

१९३८ साली तिथे डॉ. कुमार पटेल यांचा जन्म झाला. १९५८ मध्ये पुण्यातून इंजिनिअर होऊन ते स्टॅनफर्डला गेले. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर बनवला. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. आपल्या डोळ्यांना साधारण ०.७ मायक्रॉनपर्यंतचंच दिसतं, म्हणजे हा पक्का इन्फ्रारेड.

तेव्हा थ्रीडी प्रिंटिंग नव्हतंच. १९८०च्या दशकात टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल डेकर्ड या विद्यार्थ्याने लेझरने प्लास्टिकची पावडर वितळवत थरावर थर रचायची पद्धत काढली. त्याच्या पहिल्या यंत्रात साधारण १ मायक्रॉनचा याग लेझर होता. पण पुढे नायलॉनच्या यंत्रांत बस्तान बसवलं ते पटेलांच्या लेझरने. असं का?

बघा, पावडरवर पडलेला किरण एकतर परततो, नाहीतर आरपार जातो, नाहीतर शोषला जातो. वितळवायला कामाचा फक्त शोषलेला. पण पावडर किरण चहूकडे उधळते, त्यामुळे समोर एक सेन्सर ठेवून भागत नाही. म्हणून आतून सोन्याचा मुलामा दिलेला पोकळ गोळा वापरतात. सोनं इन्फ्रारेड जवळपास सगळं परतवतं, त्यामुळे उधळलेला किरणही आत फिरत फिरत सेन्सरपर्यंत पोहोचतो. परतलेला आणि आरपार गेलेला किरण मोजायचा, शंभरातून वजा करायचा. उरला तो शोषलेला.

पांढरी नायलॉन पावडर १ मायक्रॉनचा बहुतेक किरण परतवते, पण १०.६ मायक्रॉनचा बहुतेक पिऊन टाकते. नुसत्या डोळ्यांनी हे कधीच कळलं नसतं. मग दिव्याच्या कमी तरंगलांबीच्या इन्फ्रारेडवर काम करायचं असेल तर? एचपीच्या मल्टी जेट फ्यूजनमध्ये जिथे वितळवायचं तिथेच काळी शाई टाकतात. शाई उष्णता शोषते, म्हणून ते पार्ट करडे दिसतात.

मला हे मोजमाप महत्त्वाचं वाटतं, कारण शोषण कमी पडलं की थर अर्धवट चिकटतात आणि पार्ट वाकवताच तुटतो. जास्त झालं तर प्लास्टिक करपतं. आता हाच पार्ट कुणाच्या कृत्रिम पायात असेल तर? तिथे अंदाज चालत नाही, आकडाच लागतो.

चला, भेटू पुढच्या भागात!