अनुकूली क्रूझ नियंत्रण : घाटरस्त्यावरील मर्यादा

पुढच्या वाहनाचे अंतर रडारने, काही गाड्यांत जोडीला कॅमेऱ्याने, मोजून वेग आपोआप कमी-जास्त करणारी मोटारीतील यंत्रणा. महाडजवळ राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या सरळ, चौपदरी पट्ट्यात ती उपयोगी पडते. पोलादपूरपुढे कशेडीच्या जुन्या घाटरस्त्यावर किंवा महाबळेश्वरकडे चढणाऱ्या आंबेनळी घाटात ती बंदच ठेवावी. नागमोडी वळणावर पुढचा ट्रक रडारच्या टप्प्यातून निसटतो आणि रस्ता मोकळा समजून गाडी ऐन वळणात वेग घेऊ शकते. हाच तिचा सर्वांत घातक दोष. उभे वाहन, आडवी आलेली गुरे तिला ओळखता येतीलच असे नाही. धुवाधार पावसात, धुक्यात कॅमेरा निकामी ठरतो. चिखलाने रडार झाकले जाते. उतारावर खालचा गिअर टाकावा आणि ब्रेक स्वतःच्या पायाखाली ठेवावा.