असंख्यातापर्यंतची मोहरी

'लीलावती'त भास्कराचार्यांनी संख्यास्थानांची अठरा नावे दिली आहेत. एक, दश, शत, सहस्र अशी चढत गेलेली ही यादी अन्त्य, मध्य ओलांडून परार्धापाशी थांबते. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. ग्रंथ ११५० सालचा. त्यातले गणित व्याजाचे, सावलीचे, धान्याच्या राशीचे. व्यवहाराला याहून मोठी संख्या लागत नव्हती, म्हणून ते पुढे गेले नाहीत. बौद्धांचा 'ललितविस्तर' मात्र थांबत नाही. विवाहापूर्वी राजपुत्र सिद्धार्थाची परीक्षा होते, त्यात अर्जुन नावाचा गणक त्याला कोटीपुढच्या संख्या विचारतो आणि राजपुत्र दर पायरीला शंभरपट करत तल्लक्षणापर्यंत पोहोचतो. तल्लक्षण म्हणजे एकावर त्रेपन्न शून्ये. आणि ही पहिलीच मालिका!

नावे ठेवत जाण्याची ही हौस मनोरंजक खरी, पण माझे मन तिथे फार रमले नाही. एकदा दहापटीची किल्ली हाती आली की नवे नाव पाडायला कष्ट कसले? जैन करणानुयोगातला मोहरीचा हिशोब वाचला तेव्हा मात्र मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि गेली काही वर्षे तिथेच अडकलो आहे.

हा हिशोब 'तिलोयपण्णत्ती'त आहे आणि दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या नेमिचंद्रांच्या 'त्रिलोकसारा'त तपशिलाने आहे. प्रश्न असा, की मोजता येणाऱ्या संख्यांची, म्हणजे 'संख्याता'ची, शेवटची मर्यादा कोणती? उत्तरासाठी चार कुंडे कल्पायची. प्रत्येक जंबूद्वीपाएवढे: व्यास एक लाख योजने, खोली एक हजार योजने. पहिले 'अनवस्था' कुंड मोहरीने शिगोशीग भरायचे. मग ती मोहरी उचलून पुढे निघायचे आणि प्रत्येक द्वीपावर, प्रत्येक समुद्रात एकेक दाणा टाकत जायचे. जैन भूगोलात द्वीप-समुद्र एकाभोवती एक कड्यांसारखे आहेत आणि प्रत्येक कडे आधीच्याच्या दुप्पट रुंद. शेवटचा दाणा जिथे पडेल तिथवरच्या व्यासाचे नवे अनवस्था कुंड करायचे, तेही मोहरीने भरायचे आणि खूण म्हणून एक दाणा 'शलाका' कुंडात टाकायचा. पुन्हा तेच. शलाका कुंड भरले की एक दाणा 'प्रतिशलाका'त, ते भरले की एक 'महाशलाका'त. महाशलाका कुंडही भरेल तेव्हा जे अनवस्था कुंड झाले असेल, त्यातल्या दाण्यांची संख्या म्हणजे सर्वांत लहान असंख्यात. त्यातून एक वजा केला की सर्वांत मोठे संख्यात.

नेमिचंद्र नुसती कल्पना सांगून सुटत नाहीत. पहिल्या कुंडात किती दाणे मावतील ते आकड्यांत देतात. ती संख्या चाळीसहून अधिक अंकांची आहे आणि तिच्या शेवटी ३६३६३६ असे आवर्तन येत राहते, वर चार अकरांशाचा अपूर्णांक. हे छत्तीस आले कुठून, याने मला आधी बुचकळ्यात टाकले. उत्तर कुंडावरच्या शिगेत आहे. मोहरीसारख्या बारीक धान्याच्या राशीची उंची परिघाच्या अकराव्या हिश्श्याइतकी धरतात. म्हणून भागाकारात अकरा येतो आणि त्याच्यामागून छत्तीस. 'लीलावती'च्या राशिव्यवहारातही हाच नियम आहे: जाड धान्याला दहावा हिस्सा, बारीक धान्याला अकरावा, कुसळाच्या धान्याला नववा. खळ्यावर रास न मोजता अंदाज घेण्याची ही युक्ती. मी घरी किलोभर मोहरी जमिनीवर ओतून दोऱ्याने परीघ घेतला, सुईने उंची. परीघ ८४ सेंटिमीटर, उंची साडेसात. चौऱ्याऐंशीचा अकरावा हिस्सा ७.६ येतो. (मोहरी गोळा करताना घरात जे ऐकावे लागले, ते या लेखाच्या कक्षेबाहेरचे.) ज्यांनी असंख्याताची शिडी लावली, त्यांनी तिचा पाया खळ्यावर रोवला होता, एवढे मला पुरे.

आता वाढ पाहा. कड्यांची रुंदी दुप्पट होत जाते, तेव्हा लवणसमुद्रापर्यंतचा व्यास पाच लाख योजने, धातकीखंडापर्यंत तेरा लाख, कालोदापर्यंत एकोणतीस लाख. दाणे जितके, तितक्या वेळा दुप्पट. दुसऱ्या कुंडाचा व्यास लिहायला किती अंक लागतील, ते सांगायलाच चाळीसहून अधिक अंकी संख्या हवी. दृश्य विश्वातल्या अणूंची संख्या एकावर साधारण ऐंशी शून्ये मानतात. ती इथे दुसऱ्याच पायरीला खाली राहते. तिसरे कुंड म्हणजे घाताचा घात. आणि अशी कुंडे किती भरायची? पहिल्या कुंडातल्या दाण्यांच्या घनाइतकी! घातांचे असे मनोरे लिहायला डोनाल्ड नूथ यांनी १९७६ मध्ये बाणांची खूण सुचवली. नेमिचंद्रांकडे खूण नव्हती, कृती होती.

हे सारे छापील स्वरूपात आपल्यापुढे यायला महाराष्ट्राचाही हात लागला. नवव्या शतकातल्या वीरसेनांची 'धवला' टीका ताडपत्रांवर मूडबिद्रीला होती. डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली तिचा पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून निघाला. १९४२ च्या चौथ्या खंडात लखनौचे गणितज्ञ अवधेश नारायण सिंह यांचा धवलेतील गणितावर लेख आहे. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते ते मोजणारे 'अर्धच्छेद', म्हणजे दोन पायाचे लॉगरिदम, अभ्यासकांपुढे आले ते अशा लेखनातून. 'तिलोयपण्णत्ती' सोलापूरहून निघाली. संपादक हीरालाल जैन आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले आ. ने. उपाध्ये.

जैनांनी कॅन्टरच्या हजार वर्षे आधी अनंताचे प्रकार शोधले, असे हल्ली सर्रास ऐकू येते. मला ते पटत नाही. मोहरीतून निघालेले ते असंख्यात कितीही अफाट असले तरी आजच्या अर्थाने सांतच आहे; त्याच्या आधीच्या संख्येत एक मिळवला की ते मिळते. कॅन्टर यांनी १८७४ मध्ये सिद्ध केले ते वेगळेच: वास्तव संख्या आणि मोजसंख्या यांची एकास एक जोडी लागूच शकत नाही. तशी सिद्धता जैन ग्रंथांत मला आढळलेली नाही. पण अनंत एकाच मापाचे नसते, लहानमोठे असते, हा विचार मात्र तिथे ठामपणे आहे. संख्याताचे तीन, असंख्याताचे नऊ आणि अनंताचे नऊ असे एकवीस भेद ते करतात. श्रेय द्यायचे तर याचे द्यावे. कॅन्टरचे उसने मोठेपण त्यांना कशाला हवे?

आणि त्यांना अनंत हवे होते ते वेगळ्याच अडचणीसाठी. जीव मुक्त होत राहतात आणि मुक्त झालेला परत येत नाही. नवे जीव निर्माण होत नाहीत. मग कधीतरी संसार रिकामा व्हायला नको का? जमाखर्चाच्या भाषेत हा बिनतोड सवाल आहे, आणि वीरसेनांचे उत्तरही जमाखर्चाच्याच भाषेत आहे: आय नसताना नुसता व्यय चालू राहूनही जी रास संपत नाही, ती अनंत. जी संपते, तिला कोणी अनंत म्हटले असेल तर ते केवळ उपचाराने.