थुंकीची साक्ष

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीतल्या हनुमानाचं नावच सुपारी हनुमान. त्याला नमस्कार करून पैठण गेटकडे चालू लागलं की सुपारीचं अख्खं गणगोत भेटतं. भाजकी, चिकणी, कतरी, सुगंधी. टपरीवर चुना-तंबाखूत घोटलेला मावा. आणि जुलै २०१२ मध्ये राज्यात बंदी आल्यापासून नाव न घेता मागितला जाणारा गुटखा. जिन्याच्या कोपऱ्यात आणि खांबाच्या बुंध्याशी या सगळ्याची तांबडी सही असते. भिंती वाचवायला लोकांनी देवादिकांच्या टाइल्स बसवल्या, तर थुंकणारे दोन हात सरकून नेम धरू लागले. निजामी अमदानीत निदान पिकदाणी तरी होती, बिदरी कामाची, चांदीच्या वेलबुट्टीची. थुंकीचा तेवढा थाट नंतर कधी झाला नाही.

आता तोच ऐवज नळीत घेऊन, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत नेला जातो. तोंडाचा कर्करोग डोळ्यांना दिसण्याआधी लाळेत ओळखता येईल का, यावर गेली वीसेक वर्षं जगभर काम चाललं आहे. बातम्यांत ते अगदी नवंकोरं म्हणून येतं. पण माणसाला थुंकायला लावून त्याच्याबद्दल निर्णय करण्याची कुळी फार जुनी आहे, आणि तिचं पहिलं घर दवाखान्यात नाही, न्यायसभेत आहे.

चोरीचा आळ आला आणि साक्षीदार नसला तर काय करावं, याचं एक उत्तर धर्मशास्त्रकारांनी दिलं होतं: तंदुल दिव्य. नारदादी स्मृतिकारांनी त्याचा विधी सांगितला आहे. देवाच्या स्नानाचं पाणी घातलेले तांदूळ रात्रभर ठेवायचे. सकाळी आरोपीला पूर्वेकडे तोंड करून ते चावायला द्यायचे आणि पिंपळाच्या किंवा भूर्जाच्या पानावर थुंकायला लावायचं. थुंकीत रक्त दिसलं, टाळू-हिरडी सोलवटली किंवा अंग कापू लागलं, तर तो दोषी. यामागे देव होता की नव्हता हे बाजूला ठेवू. शरीरशास्त्र नक्की होतं. माणूस घाबरला की लाळ आटते, कोरड्या तोंडात कच्चा तांदूळ सुईसारखा टोचतो आणि रक्त येतं. म्हणजे दिव्य चोरी ओळखत नव्हतं, भीती ओळखत होतं, आणि खऱ्या चोरापेक्षा आळ आलेला साधा माणूस जास्त घाबरतो हे कोणत्याही पोलीस ठाण्यात दिसतं. त्याहून वाईट म्हणजे, ज्याच्या हिरड्या मुळातच सुजलेल्या, तो गुन्हा नसताना फुकट मारला जायचा. हिरड्यांची ही खोट लक्षात ठेवायला हवी, कारण ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

लाळ म्हणजे नुसतं तोंडाचं पाणी नव्हे. तीन मोठ्या ग्रंथिजोड्या आणि ओठ-गालांच्या आतल्या शेकडो बारीक ग्रंथी मिळून दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. या ग्रंथींभोवती रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, त्यामुळे रक्तातले काही रेणू झिरपून लाळेत येतात. दात आणि हिरडीच्या फटीतून पाझरणारा द्रव तर जवळजवळ रक्तद्रवासारखाच. त्यात गालाच्या अस्तराच्या गळलेल्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि कोट्यवधी जिवाणू मिसळतात. रक्तात जे सापडतं त्यातलं बरंच लाळेतही सापडतं, फक्त कितीतरी पटींनी विरळ. लाळेकडे इतका काळ दुर्लक्ष झालं याचं एक कारण हेच. इतकं विरळ मोजायची साधनं नव्हती.

मोजण्याची विद्या आधी दुसऱ्या घराण्यात वाढली. १८४५ साली लंडनमधल्या एका व्यापाऱ्याची हाडं दुखून मोडकळीला आली होती. त्याची लघवी डॉक्टरांनी रसायनज्ञ हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे धाडली आणि हे काय आहे, अशी विचारणा केली. तिच्यात एक विचित्र प्रथिन होतं. उकळलं की विरघळायचं, गार झालं की पुन्हा साका धरायचं. पुढे मल्टिपल मायलोमा म्हणून ओळखल्या गेलेल्या, अस्थिमज्जेच्या त्या कर्करोगाची ही खूण. कर्करोगाची शरीरद्रवात सापडलेली पहिली खूण म्हणून हिचाच मान. ते प्रथिन नेमकं काय, हे कळायला १९६२ साल उजाडलं. नंतर गाडी भरधाव निघाली. १९६३ मध्ये मॉस्कोत गॅरी अबेलेव्ह यांना यकृताच्या गाठीशी जोडलेलं अल्फा-फीटोप्रोटीन सापडलं, १९६५ मध्ये मॉन्ट्रियलला फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सीईए नावाचं प्रथिन सापडलं. सीईएवर तेव्हा केवढी भिस्त ठेवली गेली! एक रक्ततपासणी आणि कर्करोगाचा निकाल, असंच सगळ्यांना वाटलं. मग तेच सीईए विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या, यकृत बिघडलेल्यांच्या, आतड्याला सूज असलेल्यांच्या रक्तातही वाढलेलं निघालं. आज ते उपचार चालू असलेल्या रुग्णावर नजर ठेवायला वापरतात, धडधाकट माणसात रोग हुडकायला नाही.

आपल्याकडे मात्र प्रश्न आतड्याचा नव्हता, तोंडाचा होता. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं आणि तीनच वर्षांनी तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा अमेरिकेतल्या ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात छापला. पाश्चात्त्य डॉक्टरांना जो आजार त्यामानाने क्वचित दिसे, तो इथे रांगेत उभा होता. १९५३ मध्ये मुंबईच्याच डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशाच्या कमानी आतून ताठरत जाण्याच्या विकाराचं वर्णन केलं. सबम्यूकस फायब्रोसिस हे त्याचं आजचं नाव. आधी तिखट झोंबतं, मग तोंड उघडेनासं होतं. दंतवैद्य तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघतात. रुग्ण स्वतःहून सांगतो ते वेगळं, पाणीपुरी आत जात नाही. त्याचं मूळ सुपारीत आहे आणि त्यातल्या काहींचा पुढे कर्करोग होतो. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत कर्करोगाची नोंदवही सुरू केली. १९७८ मध्ये तिची शाखा आपल्या शहरातही आली, पुण्यानंतर आणि नागपूरच्या आधी. मराठवाड्याचं हे दुखणं तेव्हापासून आकड्यांत उतरतं आहे.

आणि इथे थुंकी पुन्हा कथेत येते. परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. एस. व्ही. भिडे आणि जगदीशन नायर यांच्यासारखे संशोधक १९८०च्या दशकात चघळणाऱ्यांची लाळ गोळा करत होते. बरोबर होत्या फ्रान्समधल्या लिआँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था आणि जर्मनीतल्या हायडेलबर्गचे रसायनज्ञ. त्यांचा प्रश्न कोणाला कर्करोग आहे हा नव्हता, तो होतो कशाने हा होता. तंबाखू चघळणाऱ्यांच्या लाळेत त्यांना नायट्रोसामाइनं सापडली, ज्यांनी प्राण्यांमध्ये कर्करोग होतो ती. १९८५च्या निबंधात त्याहून बोचणारी गोष्ट होती. तंबाखू न घालता नुसतं पान-सुपारी खाणाऱ्यांच्या लाळेतही सुपारीच्या अल्कलॉइडांपासून बनणारं नायट्रोसामाइन होतं. त्यातलं काही विष बाहेरून येत नाही, तोंडात तयार होतं. जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात, ते सुपारीतल्या द्रव्याला चिकटतं. जेवणानंतरचा सोज्ज्वळ, बिनतंबाखूचा विडा म्हणून ज्याला आपण सूट देतो, त्याची सूट खरं तर तेव्हाच संपली होती. आंतरराष्ट्रीय संस्थेने तंबाखूच्या विड्याला त्याच वर्षी कर्करोगकारक ठरवलं, पण सुपारीला तो शिक्का बसायला २००४ उजाडलं.

या संशोधकांचा १९८६चा निबंध मला जास्त जवळचा वाटतो, कारण त्यात मशेरी आहे. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, पूड करायची आणि सकाळ-संध्याकाळ दातांवर घासायची. कुणी मिश्री म्हणतं, कुणी मिसरी. घरातली म्हातारी लावते म्हणून सून लावते, सून लावते म्हणून शेजारीण. हे व्यसन आहे का, असं विचारलं तर बाई नाही म्हणते, आणि खोटं बोलत नाही. तिच्या लेखी ते दात घासणं आहे. भिडे यांच्या गटाने तंबाखू चघळणाऱ्यांच्या बरोबरीने मशेरी लावणाऱ्यांची लाळही तपासली, आणि नायट्रोसामाइनं तिथेही निघाली. प्रश्नावलीत जे कधीच आलं नसतं ते थुंकीत आलं. तंदुल दिव्यात थुंकी माणसाविरुद्ध साक्ष द्यायची; इथे तिने पहिल्यांदा माणसाच्या बाजूने, पुडीविरुद्ध साक्ष दिली. या घराण्यातली ही सर्वांत मानाची पिढी, असं माझं मत आहे, आणि तिची आठवण आपण पुरेशी ठेवलेली नाही.

रोग हुडकण्याचं काम दूर लॉस एंजेलिसला सुरू झालं. २००४ मध्ये तिथल्या विद्यापीठात डेव्हिड वाँग यांच्या गटाने तोंडाच्या कर्करोगाचे ३२ रुग्ण आणि ३२ निरोगी माणसं यांच्या लाळेतले आरएनए ताडून पाहिले. सात रेणू रुग्णांत ठळकपणे वाढलेले होते. त्यांचा मेळ घालून रोगी आणि निरोगी दोन्ही बाजूंनी ९१ टक्के अचूक ओळख पटली. जगभर त्याचा गाजावाजा झाला, आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. पण त्या सातांत आघाडीवर होते इंटरल्यूकिन-८ आणि इंटरल्यूकिन-१ बीटा. हे दोन्ही दाहाचे निरोपे. जिथे सूज तिथे हे हजर. तेव्हा हिरड्या सुजल्या, पू धरला, तरी लाळेत यांची गर्दी होते. तंदुल दिव्यातली ती जुनी खोट हीच. फरक इतकाच की तेव्हा माणसाला चोर ठरवलं जायचं, आता कर्करोगाचा संशयित.

संशयिताचा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. समजा १०,००० माणसांत तोंडाचा कर्करोग असलेले १० आहेत. तपासणी चांगली आहे, दहांतले नऊ पकडते आणि निरोग्यांपैकी फक्त पाच टक्क्यांना चुकून ‘आहे’ म्हणते. हे पाच टक्के म्हणजे जवळजवळ ५०० माणसं. नऊ खऱ्यांच्या मागे पाचशे घाबरलेले, सुट्टी टाकून बायोप्सीच्या रांगेत. निष्पाप चावणाऱ्यांची संख्या दिव्याच्या काळात इतकी कधी नसेल.

रक्ताच्या घराण्यातही आपला एक गडी आहे. नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्स या कंपनीच्या ‘त्रिनेत्र’ या स्तनाच्या कर्करोगाच्या रक्ततपासणीला अमेरिकी औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘ब्रेकथ्रू’ दर्जा दिला. रक्तात भटकणाऱ्या गाठीच्या पेशी ती शोधते. अशा पेशी रक्तात असतात हे ऑस्ट्रेलियातल्या टॉमस अ‍ॅशवर्थ यांनी १८६९ मध्येच, एका मृत रुग्णाच्या रक्तात, पाहिलं होतं. बातम्यांत मात्र हा दर्जा म्हणजे मान्यता असल्यासारखं छापून आलं. तसं नाही, लवकर तपासून बघू, एवढाच त्याचा अर्थ.

दरम्यान तोंडाच्या कर्करोगातले मृत्यू खरोखर कमी करून दाखवले ते टॉर्चने. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित पदवीधरांनी, डॉक्टरांनी नव्हे, घरोघरी जाऊन लोकांची तोंडं उजेडात पाहिली. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. रेणूंच्या तपासणीचा असाच पुरावा आपल्याच मराठवाड्यातून आला, पण तो लाळेचा नव्हता. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आणि टाटा मेमोरियलच्या मदतीने, १,३१,७४६ निरोगी स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. २००९ साली ते जगासमोर आलं. तिथे शोधायचा होता तो एक ठरावीक विषाणू, त्याची डीएनए खूण ठाम. तोंडाच्या कर्करोगाला आपल्याकडे असा एकच आरोपी नाही.

म्हणून गुलमंडीत आज कोणी गालात पांढरा चट्टा घेऊन आला तर त्याला घाटी रुग्णालयात किंवा शासकीय कर्करोग रुग्णालयात पाठवतात. डॉक्टर तोंड उघडायला सांगतात, बोटाने चाचपतात, संशय वाटला तर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. लाळेच्या नळीला त्या टेबलावर अजून जागा नाही.

ती मिळवायची तर एक खटपट इथेच करावी लागेल. लॉस एंजेलिसच्या निरोगी लाळेवर बेतलेली मोजपट्टी इथे चालणार नाही. इथली ‘नेहमीची’ लाळ कशी असते ते आधी ठरवायला हवं: किती दाह, किती जिवाणू, मे महिन्याच्या उन्हात नमुना किती तास टिकतो. त्यासाठी चाळिशी ओलांडलेली माणसं लागतील, ज्यांनी तंबाखू लावलेली नाही, सुपारी चघळलेली नाही, मशेरी घासलेली नाही आणि ज्यांच्या हिरड्या शाबूत आहेत. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या २४.४ टक्के प्रौढांनी धूरविरहित तंबाखू घेत असल्याचं सांगितलं; नुसती सुपारी खाणारे यात धरलेले नाहीत, हिरड्या सुजलेले तर नाहीतच. हे सगळे वजा करून जी माणसं उरतील त्यांची यादी करायला टपरीपासून सुरुवात करून चालणार नाही, हे उघड आहे.