कोयनेचे दफ्तर

दख्खनचे पठार म्हणजे अचल, निर्धोक भूमी, असा जो निर्वाळा शास्त्राच्या दफ्तरी दीर्घकाळ नोंदला गेला होता, त्याच्याच भरवशावर कोयनानगरच्या १०३ मीटर उंच धरणाचा आराखडा सिद्ध झाला आणि भूकंपाचे बळ वजनाच्या अवघे ०.०५ पट हिशेबात धरले गेले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मात्र धरणातच बसविलेल्या यंत्राने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट हादरा टिपला. वस्ती उद्ध्वस्त झाली, धरणाला भेगा पडल्या, तरी ते उभे राहिले. पुढे भिंत बळकट करण्यात आली आणि १९७० साली भूकंपविभागांचा राष्ट्रीय नकाशा दुरुस्त होऊन कोयना चौथ्या विभागात गणली गेली. बंदोबस्त कितीही चिरेबंदी असो, त्याचा दस्तऐवज शिळा झाला, की रक्षकच बेसावध होतो.