शुश्रूषा : एका शब्दाचे ऋण

'शुश्रूषा' हा शब्द व्युत्पत्तीचे उदाहरण म्हणून मी अनेकदा फळ्यावर लिहिला आहे. 'श्रु' म्हणजे ऐकणे. त्याच्या इच्छार्थक रूपापासून 'शुश्रूषा', म्हणजे ऐकण्याची इच्छा. गुरूचे ऐकावे, त्याच्या आज्ञेत राहावे, त्यातून सेवा आणि सेवेतून रुग्णसेवा, हा अर्थविस्तार विद्यार्थी मुकाट्याने उतरवून घेतात. मीही त्यापलीकडे कधी गेलो नव्हतो.

वडिलांच्या अखेरच्या आजारात त्यांचे बोलणे अस्फुट झाले होते. आम्ही मुले "हो, हो, पडून राहा" म्हणून वेळ मारून नेत असू. रात्रपाळीची परिचारिका मात्र सलाईन बदलून झाले की त्यांच्या तोंडाशी कान नेई आणि "काय म्हणता, आजोबा?" असे विचारून खरोखरच थांबे. एका पहाटे ती म्हणाली, "त्यांना या कुशीवर नको आहे. खिडकी दिसत नाही." चार दिवस आम्ही त्यांना भिंतीकडे तोंड करून निजवत होतो!

ऐकणारे हे माणूस आपल्या परंपरेत कुठे आहे, असा शोध मग सुरू झाला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता हे चार गुण असावेत, अशी अपेक्षा आहे. यातला अनुराग मात्र 'भर्त्या'विषयीचा, म्हणजे धन्याविषयीचा आहे. परिचारकाला चिकित्सेत वैद्याच्या बरोबरीने स्थान मिळाले, पण तो चाकरच राहिला.

आधुनिक महाराष्ट्रात हे काम प्रतिष्ठेचे व्हायला फार झगडावे लागले. परक्या देहाचा स्पर्श, मलमूत्र, विटाळ, रात्रीची पाळी. घरंदाज म्हणवणाऱ्या स्त्रीने यांतले काहीच करू नये अशी समजूत. सावित्रीबाई फुले 1897 च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. ते धैर्य त्या काळात किती विरळा होते हे वेगळे सांगायला नको. रमाबाई रानडे यांच्या बाबतीत मला एक दुवा विशेष लक्षणीय वाटतो. त्यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक 1910 चे. आपण ते दांपत्यजीवनाचे चित्र म्हणून शिकवतो. त्यात 1901 साली निवर्तलेल्या न्यायमूर्तींच्या अखेरच्या दुखण्याची हकीकत आहे, तिच्याकडे शुश्रूषेचे लेखन म्हणून मात्र आपण क्वचितच पाहतो. आणि याच रमाबाईंनी 1909 मध्ये गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने पुण्यात सेवासदन उभे केले, विधवा व गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळावे म्हणून खटपट केली. स्वतःच्या माणसाच्या उशाशी बसणे हा पत्नीधर्म मानला जाई. तेच परक्याच्या उशाशी बसून, शिकून आणि वेतन घेऊन करणे हे त्या समाजाला पचणारे नव्हते. पगारी सेवेत माया कुठून येणार, हा प्रश्न आजही सुशिक्षित घरांतून ऐकू येतो. वडिलांच्या खाटेशी बसण्यापूर्वी तो मीही विचारला असता.

त्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी किती जणींची नावे मराठीच्या प्राध्यापकांना सांगता येतील? मला एकही येत नाही. त्याबद्दल इतरांना बोल लावण्याचा अधिकारही मला नाही. वडील गेल्यावर वर्तमानपत्रात दिलेल्या आभाराच्या निवेदनात मी दोन्ही डॉक्टरांची नावे पदव्यांसह छापली आणि शेवटी 'व कर्मचारीवर्ग' असे लिहिले. अकरा रात्री तिला आम्ही 'सिस्टर' म्हणूनच हाक मारीत होतो.

तेराव्यानंतर मी त्या वॉर्डात गेलो. ती दिवसपाळीला होती, हातात औषधांचा ट्रे होता. आभाराचे शब्द जुळवत होतो तेवढ्यात कोपऱ्यातल्या खाटेवरून कुणी कण्हले. "थांबा हं," म्हणून ती तिकडे गेली. मी थांबलो, आणि परत आल्यावर आधी तिचे नाव विचारून घेतले.